शिक्का, संदेश आणि सांत्वन : कोविडकाळातील महाराष्ट्राच्या आरोग्यभाषेची चिकित्सा

प्रस्तावना

दि. १६ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने एक निर्णय घेतला. ज्यांना घरीच विलगीकरणात राहण्यास सांगितले आहे, त्यांच्या डाव्या हाताच्या मागील बाजूस न पुसल्या जाणाऱ्या शाईने शिक्का मारावा, असा तो निर्णय होता. मतदानाच्या वेळी बोटाला लागणारी शाई प्रशासनाच्या डोळ्यांसमोर असावी. परंतु मतदानाची शाई माणूस छायाचित्र काढून मिरवतो. ही शाई त्याने बाहीखाली झाकली. हाती शिक्का असलेल्या प्रवाशांना रेल्वेतून उतरवल्याच्या बातम्या त्याच आठवड्यात आल्या. त्या प्रवाशांनी नियम मोडला होता हे खरेच. पण त्या बातम्यांनंतर शिक्का म्हणजे 'काळजी घेतली जात असलेला माणूस' असा अर्थ उरला नाही. मराठीत 'शिक्का बसणे' या वाक्प्रयोगाचा अर्थ शासननिर्णयाच्या कितीतरी आधीपासून ठरलेला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय कोविडचे वैद्यकशास्त्र हा नाही. तो लेखिकेचा अधिकारही नाही. एक कायदा, एका मोहिमेचे नाव, काही दूरध्वनी क्रमांक आणि एक पदनाम यांचे संहिता म्हणून वाचन करणे, एवढाच मर्यादित हेतू येथे आहे. या वाचनातून हाती आलेले प्रतिपादन असे : महामारीच्या काळात 'मानसिक आधार' हे काम शासनाने आणि आपण शिक्षणसंस्थांनीही दूरध्वनीवर सोपवले, प्रत्यक्षात ते बव्हंशी दारात येऊन उभ्या राहणाऱ्या स्थानिक स्त्रियांनी केले, आणि आपल्या शासकीय भाषेत त्या कामाला नावच नसल्यामुळे त्याचे ना प्रशिक्षण झाले, ना मोबदला मिळाला, ना नोंद राहिली.

कायद्यातील माणूस

महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि चारच दिवसांनी राज्यात साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७ लागू करण्यात आला. हा कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीसाठी घाईने केलेला. मांडवी भागातील रुग्ण पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान केले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कायदा अस्तित्वात आला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा आहे. तो भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा. त्यात अधिकार आहेत, शिक्षा आहे, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण आहे. नाही तो फक्त रोगी. त्याच्या सर्वांत जवळ जाणारा उल्लेख 'तपासणी अधिकाऱ्यास जिच्याविषयी संसर्गाचा संशय आहे अशी व्यक्ती' असा आहे. म्हणजे या संहितेत माणूस आजारी पडत नाही, तो संशयित होतो.

पुण्यात त्या व्याकरणाची प्रचिती मार्च १८९७ पासून आली. वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घराघरांची झडती सुरू केली. पुढे २२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर काय घडले ते आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. आपल्या पाठ्यपुस्तकांनी या साथीतून चापेकर आणि टिळकांवरील खटला एवढेच वेचले, हे स्वाभाविक असले तरी त्यामुळे दुसरी एक परंपरा झाकली गेली. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध १८९७ मध्येच 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले. टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालवले, कारण सरकारी रुग्णालयात जाण्यास लोक भीत होते. आणि सावित्रीबाई फुले यांनी डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना मुंढव्याच्या महार वस्तीतील एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणले व त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्या काळातील शुश्रूषेत औषधाचा वाटा थोडाच असणार. प्लेगवर खात्रीचा उपचार तेव्हा उपलब्धच नव्हता. मग या दवाखान्यांत दिले काय जात होते? पाणी, अंथरूण, ओळखीचा चेहरा, आपल्या बोलीत विचारपूस. ज्याला आज आपण 'मनोसामाजिक आधार' असे जड नाव देतो, ते हेच होते.

कायद्यात एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने सुधारणा झाली ती आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी. ती आवश्यकच होती. मात्र एक तपशील विचारात घ्यावा. २०२० मध्ये आपल्याकडे आणखी एक कायदा उपलब्ध होता : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्याचे १८ वे कलम प्रत्येक व्यक्तीस शासनाकडून मानसिक आरोग्यसेवा मिळवण्याचा अधिकार देते, आणि ती सेवा परवडणारी व आवाक्याच्या अंतरावर असावी असेही म्हणते. संकट आले तेव्हा प्रशासनाला प्रथम आठवला तो एकशे तेवीस वर्षांपूर्वीचा कायदा. झडतीची भाषा आपल्याला पाठ होती, अधिकाराची नव्हती.

'माझे कुटुंब' कोणाची जबाबदारी?

दि. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक अशी पथके दिवसाला पन्नास घरांना भेट देऊन तापमान, रक्तातील प्राणवायूची पातळी आणि सहव्याधी यांची नोंद करीत होती. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा उपक्रम मोलाचा होता, यात शंका नाही. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळल्यानंतर महापालिकेने रुग्णांची वाट न पाहता वस्तीत जाऊन त्यांना शोधण्याचे जे धोरण अवलंबिले, त्याचेच हे राज्यव्यापी रूप म्हणता येईल.

प्रश्न मोहिमेच्या नावाचा आहे. घोषवाक्यात दोन नामे आहेत आणि दोन्हींच्या आधी 'माझे/माझी' हे संबंधदर्शक आहे. त्यात 'आपण' नाही, 'शासन' नाही, 'गाव' नाही. घर ही सुरक्षित जागा आहे, घरातील माणसे एकमेकांचा आधार आहेत, ही गृहीते या वाक्यरचनेतच बसलेली आहेत. ज्या घरात एकाच खोलीत सहा माणसे राहतात, जेथे रोजगार बुडालेला पुरुष दिवसभर दारात बसून आहे, जेथे सून माहेरी फोनही करू शकत नाही, त्या घराला हे वाक्य काय सांगते? 'माझी जबाबदारी' म्हणजे बिघडले तर दोषही माझा. दुसऱ्या लाटेत असंख्य घरांत 'संसर्ग कोणी आणला' हा प्रश्न वर्षानुवर्षे पुरेल इतका बोचरा ठरला. बाप मुलामुळे गेला की मुलगा कामावर गेला म्हणून घर चालले, याचा हिशेब कोणत्याही पथकाच्या नमुन्यात मावणारा नव्हता.

याच्याच जोडीला 'सामाजिक अंतर' हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच त्याऐवजी 'शारीरिक अंतर' असे म्हणण्यास प्रारंभ केला होता, कारण माणसांनी एकमेकांपासून शरीराने दूर राहायचे असले तरी संबंध तोडायचे नव्हते. मराठीत हा फरक अधिकच महत्त्वाचा होता. ज्या समाजात विहिरीपासून पंगतीपर्यंत सामाजिक अंतर हीच रीत होती, तेथे तो शब्द निरागस राहू शकत नाही. पुढे 'सुरक्षित अंतर' हा बरा पर्याय वापरात आला. पण तोवर पहिला शब्द रुळला होता.

क्रमांक आणि खोली

मानसिक आधाराच्या अधिकृत योजनांचा इतिहास हा मुख्यतः क्रमांकांचा इतिहास आहे. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात बंगळूरच्या निम्हान्सची मदतवाहिनी सुरू झाली. २१ जुलै २०२० रोजी विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' आली, ७ सप्टेंबर २०२० रोजी 'किरण' आली आणि पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस'. यांपैकी कोणतीही निरुपयोगी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाशी बोलणे काहींना सोपे जाते, आणि त्यातून जीव वाचतात.

तथापि आपल्या क्षेत्रातील एक विसंगती नोंदवणे भाग आहे. एप्रिल २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची काळजी घेण्याविषयी विद्यापीठांना कळवले. त्यानंतर अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही, यावर राज्य शासन आणि आयोग यांच्यात मतभेद सुरू झाले. ६ जुलैला परीक्षा अनिवार्य करणाऱ्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्यानंतर पंधराच दिवसांनी 'मनोदर्पण'. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २८ ऑगस्टला लागला. तोवर विद्यार्थी अधांतरी होते. अस्वस्थता निर्माण करणारी आणि अस्वस्थतेवर समुपदेशन देणारी यंत्रणा एकच असावी, हे चमत्कारिक आहे.

आणि आपण अध्यापकांनी काय केले? वेबिनार केले. २०२० च्या उन्हाळ्यात 'कोविड-१९ आणि मानसिक आरोग्य' या विषयावर वेबिनार न घेतलेले महाविद्यालय शोधावे लागेल. प्रस्तुत लेखिकेकडे अशी अकरा ई-प्रमाणपत्रे आहेत. त्यांपैकी एका कार्यक्रमात अभिप्रायाचा अर्ज व्याख्यान संपण्याआधीच भरून झाला होता, कारण प्रमाणपत्राचा दुवा आधीच आला होता.

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे वडील तालुक्याच्या कोविड केंद्रात गेले. तो, आई आणि आजी तिघेही बाधित होते. बातमी कळल्यावर मी त्याला दोन ओळींचा निरोप आणि त्याखाली मदतवाहिन्यांचे दोन क्रमांक पाठवले. पाठवल्यावर आपण काहीतरी केले असे वाटले, हेही कबूल केले पाहिजे. सहा-सात महिन्यांनी तो निकालाच्या कामासाठी आला तेव्हा मी विचारले. तो म्हणाला, "मॅडम, घरात फोन एकच, खोली एकच. आईसमोर काय बोलणार मी?" मग आपणहून पुढे म्हणाला, "आशाताई यायच्या रोज. ते बोटाला लावायचं यंत्र द्यायच्या अन् दारातूनच विचारायच्या, जेवला का रे? त्यांनी विचारलं की आई पण दोन घास खायची."

एका घराच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडता येत नाही, याची जाणीव आहे. परंतु या एका उत्तरात दोन गोष्टी आहेत ज्या धोरणाने विचारात घेतल्या नाहीत. मदतवाहिनीला फोन लागतो, तसा एकान्तही लागतो. आणि दुःखात बुडालेल्या माणसाला बहुधा स्वतःहून क्रमांक फिरवता येत नाही. कोणीतरी त्याच्याकडे यावे लागते.

जे ठाऊक होते

हे सारे नव्याने कळले असते तर तक्रारीला जागा नव्हती. वस्तुस्थिती तशी नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांपासून वंचित आहेत, असे दाखवले. (त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांची एवढी चर्चा झालेल्या राज्याविषयी हे वाचून आश्चर्य वाटते.) ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणजे मानसिक आरोग्य, ही आपली सर्वसाधारण समजूत, आणि त्यांची नावे मराठीत चेष्टेची झालेली.

याच काळात आपल्याच भूमीवर वेगळे प्रयोगही झाले होते. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, डॉक्टर नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्य व चिंता यांवर उपचार करून पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते शासकीय केंद्रांच्या बाबतीत उत्साहवर्धक होते. त्याच संस्थेच्या 'विश्राम' प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत गावातीलच कार्यकर्त्यांनी काम केले आणि नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमाने गावातील विश्वासू माणसांनाच ऐकण्याचे कौशल्य शिकवले. राज्य शासनाचा 'प्रेरणा' प्रकल्प २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत सुरू झाला व त्यात आशांनी घरोघरी जाऊन तणावग्रस्त शेतकरी ओळखावेत अशी योजना होती.

या उपक्रमांचे भाषिक वैशिष्ट्य विशेष लक्षणीय आहे. 'तुम्हाला नैराश्य आहे का' या प्रश्नाला खेड्यात उत्तर मिळत नाही. 'टेन्शन आहे का', 'झोप लागते का', 'जीव रमतो का', 'डोक्यात विचार फिरतात का' या प्रश्नांना मिळते. 'समुपदेशन' हा शब्द ज्याला उच्चारता येत नाही, त्यालाही 'मन मोकळं कर' याचा अर्थ कळतो. जाहिरातीतील मराठी आणि माजघरातील मराठी यांतील हे अंतर ज्यांनी ओलांडले, त्यांनाच यश आले. महामारीत हे ज्ञान राज्यभर नेणे शक्य होते. प्रत्येक गावात आशा होत्या, त्या रोज घरोघरी जातच होत्या. दोन दिवसांचे प्रशिक्षण, नमुन्यात दोन प्रश्न आणि अवघड प्रसंगी वर कळवण्याची सोय, एवढे पुरले असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. हे आकडे महामारीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. ते आधीपासून वाढतच होते. पण ज्या वर्षी ई-प्रमाणपत्रे सर्वाधिक वाटली गेली, त्याच काळाचे ते आकडे आहेत.

'स्वयंसेविका' या पदाचा अर्थ

आशा ही संज्ञा २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. सर्वसाधारणपणे हजार लोकवस्तीमागे एक, गावातीलच, शक्यतो विवाहित स्त्री. तिचे अधिकृत वर्णन 'स्वयंसेविका' असे आहे आणि सगळी मेख त्या एका शब्दात आहे. स्वयंसेविकेला वेतन नसते, मोबदला असतो. रजा नसते, कारण ती नोकरीवर नसते. आणि तिने केलेल्या ज्या कामाचा दर ठरलेला नाही, ते काम झालेच नाही असे धरले जाते. प्रसूतीसाठी सोबत जाण्याचा दर आहे. रडणाऱ्या बाईजवळ अर्धा तास उंबऱ्याबाहेर उभे राहण्याचा नाही.

जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. तडजोड झाली ती मानधनात एक हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता यांवर. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला व त्याचे सर्वत्र स्वागत झाले. त्यांना 'कोविड योद्धा' म्हटले गेले, हेही एक रूपक तपासण्यासारखे आहे. योद्ध्याने थकायचे नसते, भ्यायचे नसते. ज्या स्त्रीला गावकऱ्यांनी 'तू रोग घेऊन येतेस' म्हणून दारातून हाकलले, जिच्या स्वतःच्या घरात सासू तिच्याशी बोलेनाशी झाली, तिने आपली भीती कोणाजवळ सांगावी? तिच्यासाठीही एक क्रमांक होताच.

सांत्वनाला न जाता आलेले दिवस

महामारीतील मानसिक आरोग्याच्या साहित्यात चिंता, एकाकीपणा, पडद्याचा अतिवापर यांवर भरपूर लिहिले गेले. शोकावर त्या मानाने फार कमी. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कोविडने गेलेल्यांच्या बाबतीत बऱ्याचदा घरचे दोघेही पोहोचू शकले नाहीत. मातीला जाणे, शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी चूल पेटू न देता डबे आणणे, दहाव्याला नदीवर जमणे, पुढे महिनाभर कोणी ना कोणी येऊन ओसरीवर बसणे ही आपल्याकडची व्यवस्था आहे. तिच्यात कर्मकांड आहे, जाचही आहे. परंतु शोकाकुल माणसाला एकटे न सोडण्याची तजवीजही तिच्यातच आहे. 'तुमच्या दुःखात सहभागी आहोत' हे भ्रमणध्वनीवरचे वाक्य त्या ओसरीवर बसण्याची जागा घेऊ शकत नाही. निर्बंध अटळ होते. ते उठल्यावर तरी राहून गेलेल्या सांत्वनाचा विचार सार्वजनिक पातळीवर व्हायला हवा होता. झाला तो कागदपत्रांचा : सानुग्रह साहाय्याच्या पन्नास हजारांसाठी मृत्यूचे कारण सिद्ध करणे.

अपवाद दोन सांगता येतील. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'मिशन वात्सल्य'ने विधवा व अनाथ मुलांच्या योजना तालुका पातळीवर एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. त्याचे स्वरूप मुख्यतः योजनांच्या लाभाचेच होते, तरी निदान कोणीतरी त्यांच्या दारी जायचे होते. दुसरा अपवाद कोणत्याही मानसिक आरोग्य अहवालात सापडणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सुचवले. कोविडने अकाली वैधव्य आलेल्या स्त्रियांचा प्रश्न त्या सुमारास सर्वत्र समोर होता. ठरावाने प्रथा लगेच संपते असे नाही. हेरवाडलाही ते ठाऊक असणार. पण पती गेल्याच्या दिवशी त्या स्त्रीच्या मनावर होणारा दुसरा आघात थांबवावा, हा विचार एका ग्रामसभेला सुचला. त्यासाठी तिने 'मनोसामाजिक' हा शब्द वापरला नाही.

आमच्या महाविद्यालयात समुपदेशन कक्ष आहे. मूल्यांकनासाठी तो आवश्यक असतो. हा लेख लिहिण्यापूर्वी मी २०२०-२१ ची त्याची नोंदवही मागवली. तीत तीन वेबिनारांचे अहवाल, उपस्थितांची संख्या आणि पडद्यावरची छायाचित्रे व्यवस्थित चिकटवलेली आहेत. 'विद्यार्थ्याचे नाव' आणि 'भेटीचे कारण' हे रकाने शेवटच्या पानापर्यंत कोरे आहेत.